जनरलच्या पुस्तकाचं शेपूट

तालेत्सच्या वाचनालयात रोज सकाळी मागच्या खोलीतून कणकेच्या खळीचा वास यायचा. नवा वाचक आला की हमखास विचारायचा, "इथे कुणी स्वयंपाक करतं का?" पुस्तकं देणारी मुलगी मान वर न करता सांगायची, "नोन्ना इग्नात्येव्ना पुस्तकांना जेवायला घालतायत."

छत्तीस वर्षं तिने पुस्तकांना जेवायला घातलं. ओंडक्यांचे तराफे व्यात्का नदीतून खाली नेणाऱ्या तराफेवाल्याची ही मुलगी. सोळाव्या वर्षी मोठ्या शहरातल्या छापखान्याच्या शाळेत गेली ती छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला शिकायचं म्हणून. तिथल्या मास्तरांनी सांगितलं, शिसं पोरींना बाधतं, तू बांधणीला बस. ती रागावली आणि बसली. रागातच शिकली आणि शिकता शिकता त्या कामाच्या प्रेमात पडली. परत आली तेव्हा तिच्या खिशात हाडाची एक पट्टी होती, कागदाला घडी घालायची. ती पट्टी तिच्या बोटांनी झिजून आता चमच्यासारखी झाली होती.

बोलायला ती कमी. बोललीच तर तोंडात मिरची. फाटकं पुस्तक परत आणणाऱ्या मुख्याध्यापकालासुद्धा तिने एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "घरी जेवण ताटात घेता की ह्याच्यावर?" कामाचे तिचे नियम थोडे होते, पण दगडावरच्या रेघेसारखे. खळ रोज ताजी. पुस्तकातून निसटलेलं चिटोरंसुद्धा टाकायचं नाही, त्याच पुस्तकाच्या पाकिटात ठेवायचं. आणि पुस्तकातून पान काढायचं नाही. कधीच नाही, कुणासाठीच नाही.

तालेत्सच्या वाचनालयात एकच पुस्तक असं होतं की ज्याच्यासाठी लोक दुरून यायचे. 'जनरल कोलिवानोव यांच्या स्मरणार्थ.' तुर्कांच्या लढाईत बाल्कनच्या एका खिंडीत हा जनरल पडला. तालेत्समध्ये छावणी असलेल्या त्याच्या पलटणीने पुढच्याच वर्षी वर्गणी काढून स्वतःच्या शिळाप्रेसवर हे पुस्तक छापलं. दोनशे प्रती निघाल्या होत्या म्हणे. दुसरी प्रत कुठे शिल्लक असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

पुस्तकाच्या सुरुवातीला जनरलचं चित्र, कल्लेदार, छातीवर पदकं. एकोणीसशे तीसच्या दशकात वरून हुकूम आला होता की झारच्या सेनापतींचे चेहरे शाईने बुजवा. तेव्हाच्या वाचनालयाच्या बाईंनी शाई वापरली नाही. चित्रावर एक करडा कागद फक्त कडांना खळ लावून डकवला आणि वर 'बुजवले' असं लिहून मोकळ्या झाल्या. पन्नास वर्षांनी नोन्नाने किटलीच्या वाफेवर तो कागद दोन दिवस खपून सोडवला. खाली जनरल जसाच्या तसा, जरासा चकित झाल्यासारखा. त्या बाईंना नोन्नाने कधी पाहिलं नव्हतं, पण ती त्यांचं नाव एखाद्या गुरूचं घ्यावं तसं घ्यायची.

पण लोक येत ते जनरलसाठी नाही. पुस्तकाचा शेवटचा फर्मा, सोळा पानं, म्हणजे त्या खिंडीत जनरलबरोबर मेलेल्या शिपायांची यादी होती. गाववार. लुझ्की, क्रास्नी यार, दाल्न्ये सेलो. नाव, बापाचं नाव, कधी हुद्दा, कधी नुसतंच 'ढोलकरी'. हिवाळ्याच्या तोंडावर शिपायांच्या श्राद्धाचा शनिवार येतो. त्याच्या आदल्या आठवड्यात खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या वाचनालयात येऊन आपल्या माणसांची नावं चिठ्ठीवर उतरवून न्यायच्या. चर्चमध्ये पाद्री ती मोठ्याने वाचायचा. दीडशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस वर्षातून एकदा नावाने हाक मारून घ्यायचा, तो असा.

लुझ्कीची पेलागेया आजी तर नाव तोंडपाठ असूनही यायची. "बोट ठेवायला येते गं," म्हणायची. शेवटून चौथं पान, दुसरा रकाना. चष्मा पुसावा तसं आधी बोट ॲप्रनला पुसायची आणि मग ठेवायची. त्या जागी कागद मऊ आणि काळसर झाला होता. नोन्नाने तीनदा त्याला मागून पातळ कागद लावून बळ दिलं होतं. डाग मात्र काढला नाही. "तो डाग नाही," ती म्हणायची, "तो वाचक आहे."

नोन्नाचं स्वतःचं कुणी त्या यादीत नव्हतं. तिचे पूर्वज नंतर नदीने वाहत आले होते.

एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटायला लागला, त्याच आठवड्यात संस्कृती खात्याचे रुस्लान एदुआर्दोविच मागच्या खोलीत आले. वय पस्तिशीच्या आत, बूट असे चकचकीत की चिखलाच्या गावात ते कसे राखतात हेच एक कोडं. मागोमाग वाचनालयाच्या संचालिका इनेसा ल्वोव्ना. इनेसा आणि नोन्ना एका बाकावर शिकलेल्या. आज इनेसा खिडकीबाहेर बघत होती.

"नोन्ना इग्नात्येव्ना, आनंदाची बातमी," रुस्लान म्हणाले. "राजधानीहून वादिम अर्काद्येविच येतायत. कोलिवानोव! जनरलचे खापरपणतू. लाकडाचा एवढा मोठा कारभार, आणि मुळं आपल्या मातीत. ते वाचनालयाचं छप्पर नवं करून देणार आहेत. पत्र्याचं, जर्मन."

"द्या म्हणावं. छप्पर गळतंयच."

"देणारच. आपण त्यांना त्यांच्या खापरपणजोबांचं पुस्तक भेट देतोय."

नोन्नाने ब्रश खळीच्या वाटीत ठेवला. "कुठलं पुस्तक?"

"अहो, तेच."

"ते पुस्तक वाचनालयाचं आहे."

"जीर्ण म्हणून कागदावर रद्द करू. तुम्ही त्याला जरा सजवायचं. लाल चामडं, सोन्याची अक्षरं. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर तो जांभळा शिक्का आहे, तो काढायचा. आणि मागचं शेपूट."

"काय?"

"ते शेवटचं. नावांचं. मळलेलं आहे, बोटं लागलेली, फाटलेलं. भेट म्हणून बरं नाही दिसत. आणि पुस्तक जनरलचं आहे ना? मग हे इवान, स्तेपान मध्येच कशाला?"

खोलीत खळ थंड होत असल्याचा वास होता. नोन्नाने इनेसाकडे पाहिलं. इनेसा अजून नदीकडेच बघत होती.

"रुस्लान एदुआर्दोविच," नोन्ना सावकाश म्हणाली, "तुम्ही हे पुस्तक वाचलंय?"

"चाळलंय."

"बाराव्या पानावर लिहिलंय की जनरल निपुत्रिक वारला. मग हा खापरपणतू कुठून उगवला, टपालाने आला का? साहेबांनी वाचलं तर काय सांगाल?"

रुस्लान हसले, अगदी मनापासून. "साहेब वाचत नाहीत."

मग मात्र नोन्नाचा तोल गेला. तिने काय काय म्हटलं ते पुस्तकं देणारी मुलगी पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होती. ज्या इवान-स्तेपानांच्या अंगावरून जनरल खिंडीपर्यंत पोचला, त्यांना आता त्याच्या पुस्तकातूनही हाकलायचं? जिवंतपणी पोटभर भाकर दिली नाही, मेल्यावर सोळा पानं दिली, तीही डोळ्यांत खुपतात? छपरासाठी छपराखालचंच विकणार असाल तर छप्पर कशावर घालणार, तुमच्या बुटांवर?

"अहो बाई," रुस्लान म्हणाले, आणि त्या 'बाई'त आता आदर उरला नव्हता, "तुम्ही नाही करणार तर शहरात करणारे आहेत."

"करा म्हणावं त्यांना. मी पान कापत नाही."

"नोन्ना," इनेसा पहिल्यांदा बोलली. "मागच्या पावसात भूगोलाचं सगळं कपाट भिजलं. तूच सुकवत बसली होतीस. मी काय करू, सांग?"

नोन्नाने खळीची वाटी दूर सारली.

रुस्लानने पुस्तक एका दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. 'विसरू नका, तो शिक्का,' ते इनेसाला पुन्हा बजावत होते, 'पहिल्या पानावरचा. तो दिसता कामा नये.' आणि त्या क्षणी दोघी मैत्रिणींना एकच गोष्ट आठवली. वाचनालयाचं काम शिकलेल्या कुणालाही ती पहिल्या आठवड्यात शिकवतात. शिक्का दोन ठिकाणी मारायचा. एक सुरुवातीच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा. दुसरा सतराव्या पानावर, चोराला ठाऊक नसेल असा. पुस्तक खरंच रद्द झालं, तर त्या दुसऱ्या शिक्क्यावरही 'रद्द' असा शिक्का पडतो. बाहेरच्यांना हे माहीत नसतं.

नोन्नाने इनेसाकडे पाहिलं. इनेसाने खिडकीचा पडदा नीट केला.

घरी गेर्मान खारवलेला मासा सोलत बसला होता. तो नदीवरच्या बोटीचा निवृत्त मिस्त्री. बायकोचा राग त्याला इंजिनाच्या आवाजासारखा ओळखू यायचा.

"आज कोणता पट्टा तुटला?"

तिने सगळं सांगितलं. सतराव्या पानाचंही.

"म्हणजे गळ टाकलायस," गेर्मान खूश होऊन म्हणाला. "बरोबर आहे, माझीच बायको. पण काय गं, ते शेपूट? ते तर कापणारच."

"कदाचित नाही कापणार. घाई आहे त्यांना."

"कापणारच, नोन्ना. मग तू आधीच सोडवून ठेवायचं होतंस ते. तुझ्या कपाटात. कुणाला कळलं असतं?"

"मी पुस्तकातून पान काढत नाही."

"वाचवायलासुद्धा नाही?"

"गेरा, मी काढायला लागले तर माझ्यात नि त्यांच्यात फरक काय?"

गेर्मानने माशाचा काटा बाजूला ठेवला. "फरक एवढाच की तुझ्याकडे पानं असती." मग तिचा चेहरा बघून त्याने विषय बदलला आणि चहा ओतला, काळ्या बेरीच्या झुडपाची पानं घातलेला, तिला आवडतो तसा. ती प्यायली नाही.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी संस्कृतिभवन खच्चून भरलं. आधी शाळेच्या मुलींनी रिवाजाप्रमाणे पाहुण्याला स्वागताचा पाव आणि मीठ दिलं. वादिम अर्काद्येविचनी पावाचा तुकडा मोडून मिठात बुडवला, तेवढं त्यांना बरोबर जमलं. मग भाषणं. नोन्ना तिसऱ्या रांगेत होती. पेलागेया आजी पहिल्याच रांगेत, नव्या रुमालात. कुणीतरी तिला सांगितलं होतं की आज पलटणीचं पुस्तक सगळ्यांना दाखवणार आहेत.

पुस्तक आलं. लाल चामडं, वर सोन्याचा दोन डोक्यांचा गरुड. नोन्नाला आधी वाटलं हा कुणाच्या लग्नाचा अल्बम. मग तिला कणा दिसला. शिवण न घालता नुसता सरस भरून दाबलेला. आणि पुस्तक बारीक झालं होतं. लोकांना ते दिसणं शक्य नव्हतं, पण तिच्या हातांना त्याची जाडी ठाऊक होती. आजारी माणूस पांघरुणाखाली किती उरलाय ते आईला कळतं तसं.

"माझ्या पणजोबांचे वडील," वादिम अर्काद्येविच माइकमध्ये म्हणाले, "या मातीसाठी..."

नोन्ना उठली. तिला नंतर विचारलं, काय ठरवून उठलीस, तर ती म्हणाली, काहीही नाही. गुडघे उठले.

"वादिम अर्काद्येविच, अभिनंदन. एक विनंती आहे. सतरावं पान उघडा."

रुस्लान पायऱ्यांकडून हात हलवत पुढे आले. पण पाहुणा हसतमुख होता, कॅमेरा चालू होता, म्हाताऱ्या बाईला नाही म्हणणं बरं दिसत नव्हतं. त्यांनी पान उघडलं.

"डाव्या कोपऱ्यात खाली काय आहे?"

"शिक्का आहे. जांभळा." त्यांनी पुस्तक लांब धरलं. "तालेत्स... लोकवाचनालय."

"त्याच्यावर 'रद्द' लिहिलंय?"

"नाही."

"मग ते पुस्तक अजून वाचनालयाचं आहे. तुम्हाला ते वाचायचं असेल तर सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा, वाचनकक्षात बसून. ओळखपत्र आणा. आणि पेन्सिल. पेनला बंदी आहे."

मागच्या रांगांतून कुणीतरी फुस्सकन हसलं, मग आणखी कुणी. वादिम अर्काद्येविच हसले नाहीत. ते काही मूर्ख नव्हते. असे शिक्के असलेल्या वस्तू घेतल्या की पुढे काय होतं हे त्यांना नोन्नापेक्षा जास्त ठाऊक असावं.

"मला सांगितलं होतं, हे एका घराण्याकडून आलंय," ते रुस्लानकडे बघून हळू म्हणाले. माइक चालूच होता. मग त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, तापला तवा ठेवावा तसं. पाच मिनिटांनी त्यांची गाडी पुलावरून गेली. त्यांच्याबरोबर जर्मन पत्राही गेला.

लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी नोन्नाचा खांदा थोपटला. आणि त्या गडबडीत पेलागेया आजी हळूहळू टेबलापाशी गेली. बोट रुमालाच्या टोकाला पुसलं. पुस्तक मागून उघडलं, तिला सवय होती तसं. पुढ्यात लाल गुळगुळीत कागद आला. तिने एक पान उलटलं, आणखी एक. मग परत मागे.

"नोन्ना," तिने हाक मारली, "अगं, माझं पान कुठाय?"

टाळ्या थांबल्या.

शहरातल्या त्या बांधणीवाल्याला नोन्नाने तिथूनच, कुणाच्या तरी फोनवरून गाठलं. तो लग्नाचे अल्बम करायचा. बिचारा घाबरून गेला. "ताई, मला सांगितलं, मागची घाण पानं काढून टाका. मी टाकली. मंगळवारी कचऱ्याची गाडी येते आमच्याकडे."

शनिवार होता. मंगळवार होऊन गेला होता.

"माझ्या माणसाचं नाव मला पाठ आहे," पेलागेया आजी तिला समजावत म्हणाली, जणू चूक नोन्नाचीच होती आणि आजीला ती माफ करायची होती. "अनिसिम लुकिच. मी सांगेन पाद्रीबाबांना. पण बाकीचे गं? त्यांची कुणी म्हातारी उरलेली नाही. त्यांना कोण हाक मारणार?"

सोमवारी नोन्नाने पुस्तक पुढ्यात घेतलं. लाल चामडं ओलं करून अलगद सोडवलं, फेकलं नाही. पाकिटात घातलं, कारण आता तेही या पुस्तकाला घडलेलंच होतं. मग तिने दुरुस्तीची नोंदवही उघडली. दर पुस्तकाची अवस्था तिथे लिहावी लागते, आणि खाली संचालिकेची सही.

त्याआधी रुस्लानचा फोन येऊन गेला होता. आवाज मऊ. "नोन्ना इग्नात्येव्ना, झालं ते झालं. पुस्तक मिळालं ना तुम्हाला? नोंदीत लिहा, शेवटची सोळा पानं काळाच्या ओघात नष्ट. वाद कशाला?"

"काळाने नाही केलं," ती म्हणाली. "काळ दीडशे वर्षं नीट वागला." आणि फोन ठेवला.

तिने आठवतील तितकी नावं आधी एका कागदावर लिहून काढली. तीनदा त्या फर्म्याला तिने हात लावला होता. वाटलं होतं, सगळी आठवतील. एकशे त्रेचाळीसांपैकी एकतीस आठवली. बाकीच्यांचे फाटलेले कोपरे आठवत होते, कुठे कागद लावला ते आठवत होतं, नावं नाही. आपण कागदच बघत आलो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची चीड आली. मग तिने नोंद लिहिली. 'शेवटचा फर्मा, पृष्ठे सोळा, मृत शिपायांची यादी. संस्कृती खात्याच्या आदेशावरून कापून कचऱ्यात टाकली.' खाली रुस्लान एदुआर्दोविचचं पूर्ण नाव. तारीख.

इनेसा दारात उभी होती. किती वेळ ते ठाऊक नाही. तिने आत येऊन नोंद वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली.

"हे वाचलं की मला काढतील," ती म्हणाली.

"सही नको करूस मग."

"तसं नाही म्हणत." इनेसाने खुर्ची ओढली आणि बसली. "हे अर्धवट आहे. माणसाने हुकूम दिला, पण पुस्तक कपाटातून कुणी काढून दिलं? किल्ली माझ्याकडे होती. तिथे लिही, 'संचालिका इनेसा ल्वोव्ना यांनी काढून दिले.' त्याच्या नावाच्या आधी लिही."

नोन्नाने लिहिलं. पण पेन कागदावरून उचललं नाही. इनेसाच्या नावाखाली तिने आणखी एक ओळ लिहिली, 'पाने कापली जाणार हे ठाऊक असूनही बांधणीकाराने पुस्तक जाऊ दिले,' आणि आपलं नाव, बापाच्या नावासकट, पूर्ण.

इनेसाने वही आपल्याकडे ओढली आणि सही केली.